टॉवर तोच, पण आपला डब्बा कुठं ठेवलाय?



रोज सोयाबीन, हळद, कापूस यावर लिहितो. आज जरा वेगळा विषय, पण आहे शेतातलाच.

२०२४च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला आपल्या नांदेड, परभणी, हिंगोलीकडं जो पाऊस झाला तो कुणी विसरलं नसेल. माझ्या ओढ्याकाठच्या सोयाबीनात दोन दिवस पाणी उभं होतं. पीक विम्याला तेव्हा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती, फोटोसकट. आखाड्यावर त्याच उन्हाळ्यात मी सिमकार्डावर चालणारा नेटचा डब्बा घेऊन ठेवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, १५० एमबीपीएस. पत्र्याच्या खोलीत डब्बा हिरवी लाईट दाखवत बसला होता आणि माझा फोटो काही केल्या जाईना. शेवटी मोबाईल पिशवीत गुंडाळून चिखलातून सडकेच्या पुलावर गेलो, तेव्हा तिथून फोटो गेला. काम मुदतीत झालं, पण परत येताना डोक्यात एकच होतं. उमरीकडचा टॉवर आखाड्यावरून उघड्या डोळ्यानं दिसतो. मग अडलं कुठं?

ह्याच्या मागं लागलो तर पार चाळीस वर्षं मागं गेलो. कारण ही अडचण आजची नाही. बिनतारी जोडणी खेड्यात आली तेव्हापासून प्रत्येक वेळी टॉवरची चर्चा झाली, आणि घरच्या टोकाला बसणाऱ्या यंत्राकडं कुणी बघितलं नाही.

१९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. सॅम पित्रोदांचं नाव त्यामुळंच घरोघरी गेलं. तिनं खेड्यासाठी १२८ लाईनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. एसी नसला, धूळ-ऊन असलं तरी चालणारं. पहिलं १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसलं. पण एक्स्चेंज मोठ्या गावात. तिथून पुढं वाडी-तांड्यापर्यंत तांब्याची तार ओढणं महाग. खांब पडायचे, तार चोरीला जायची. म्हणून अशा गावांना बिनतारी फोन दिले गेले. त्या पद्धतीला ‘मार’ म्हणत. एका मध्यवर्ती उंच मास्टवरून दोन वाहिन्या, आणि त्या दोन वाहिन्यांवर पंधरा गावं. म्हणजे एका वेळी दोनच गावांनी बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं.

आमच्या पिढीनं तो फोन बघितलाय. एका घरात जाडजूड पेटी, बाहेर उंच पाईपावर एरियल, सोलरची पाटी आणि खाली बॅटरी. मी तेव्हा नुकताच दहावी होऊन शेतात उतरलो होतो. मोंढ्यातला भाव विचारायला लोक तिथं ओळीनं बसायचे. यंत्राची रचना चुकीची नव्हती. एरियल उंच होतं, बाहेर होतं, टॉवरकडं तोंड करून होतं. देशभर ती पद्धत मागं पडली ती दुसऱ्याच कारणानं. बॅटरी उतरली, पेटी बिघडली तर दुरुस्तीला माणूस आणि सुटे भाग वेळेवर पोचत नसत. पुढं सार्वत्रिक सेवा निधीतून देशातले असे लाखाहून जास्त फोन बदलावे लागले. पहिला धडा हा. यंत्र कितीही चांगलं असो, त्याला लाईट कुठून आणि दुरुस्त करणारा कोण, हे आधी विचारायचं.

दुसरी पायरी आपल्याच देशातली आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो. १९९०च्या दशकात आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या गटानं मायडास ह्या कंपनीबरोबर ‘कॉरडेक्ट’ नावाची पद्धत उभी केली. तिच्यात ग्राहकाच्या भिंतीवर एक छोटी पेटी बसायची. तिला साधा फोन जोडायचा आणि कॉम्प्युटरही. बोलणं चालू असताना नेट ३५ केबीपीएस, बोलणं नसेल तेव्हा ७०. आज हसू येईल, पण तेव्हा खेड्यात बोलणं आणि नेट एकाच वेळी मिळणं ही मोठी गोष्ट होती. पल्ला १० किलोमीटर, मध्ये आणखी एक रिले ठेवला तर २५. अट एकच, पेटीच्या एरियलला टॉवर दिसला पाहिजे. म्हणून बसवणारा माणूस घरावर चढायचा, दिशा बघायचा, उंची ठरवायचा. म्हणजे जोडणीची अर्धी किंमत पेटीत, अर्धी बसवणाऱ्याच्या डोळ्यात.

मग आली सीडीएमए. २००२-०३ नंतर टेबलावर ठेवायचे बिनतारी फोन सगळीकडं दिसायला लागले. बीएसएनएलचे होते, रिलायन्सचे होते, टाटाची ‘वॉकी’ तर कित्येकांच्या दुकानात होती. दिसायला साधा फोन, मागं बोटाएवढं एरियल. घरावर चढायचं काम संपलं. दुकानातून आणा, बॅटरी घाला, बोला. कंपनीला सोयीचं, आपल्यालाही सोयीचं. ८०० मेगाहर्ट्झची लाट लांब जाते, त्यामुळं गावठाणात बरं चालायचं.

पण टॉवरपासून लांबच्या वस्तीवर माळवदाच्या जाड भिंतीत तो फोन मुका व्हायचा. त्यावर लोकांनीच तोड काढली. टीव्हीच्या अँटेनासारखी दांड्यादांड्यांची यागी अँटेना बांबूवर बांधायची आणि तिथून केबल घरातल्या फोनला आणायची. आमच्या आखाड्यावर असंच होतं. बांबू थोडा फिरवला की आवाज खणखणीत. म्हणजे जे सोयीसाठी घरात आणलं, तेच परत बाहेर न्यावं लागलं.

आता एलटीई, म्हणजे आपण ज्याला फोर-जी म्हणतो ते. २०१० साली २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींचा लिलाव झाला. २०१२च्या एप्रिलमध्ये एअरटेलनं कोलकात्यात देशातलं पहिलं फोर-जी चालू केलं, त्याच वर्षी पुण्यातही. सुरुवातीचा माल काय होता? डोंगल आणि घरात ठेवायचे राउटर. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि नेट स्वस्त होऊन खेड्यात शिरलं. तेव्हापासून आखाड्यावर नेट म्हणजे सिम घातलेला घरातला डब्बा, हेच समीकरण होऊन बसलं.

इथं जुनी बांबूची युक्ती चालत नाही, आणि का चालत नाही ते समजून घ्या. अँटेनापासून डब्ब्यापर्यंतच्या केबलीत सिग्नल मुरतो, जसं कच्च्या पाटात पाणी मुरतं. जितकी लहर आखूड, तितकं मुरणं जास्त. दहा मीटर पातळ केबल घेतली तर ८०० मेगाहर्ट्झला वर पकडलेल्या सिग्नलचा चौथा हिस्सा तरी खाली पोचायचा. २३००ला त्याच केबलीत दहातला जेमतेम एक हिस्सा उरतो. म्हणून एलटीईच्या बाहेरच्या यंत्रात रेडिओ आणि अँटेना दोन्ही एकाच पेटीत, पाईपाच्या टोकाला बसवतात. तिथून खाली येते ती कॉम्प्युटरची साधी लॅन केबल. तिच्यातून डेटा येतो आणि वर वीजही त्याच केबलीतून जाते. शंभर मीटरपर्यंत त्यात रेडिओ सिग्नल मुरण्याचा प्रश्नच नाही.

आता माझी मोजणी. भाच्यानं त्याच्याकडचं असं बाहेरचं यंत्र चार दिवसांसाठी आणून दिलं. म्हणाला, “मामा, भांडण मिटवून टाकू, मोजून बघू.” एकच कंपनीचं सिम, एकच टॉवर, संध्याकाळची एकच वेळ. सिग्नलचा आकडा आरएसआरपी नावानं डब्ब्याच्या सेटिंगमध्ये दिसतो. तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मायनस ९०च्या अलीकडं उत्तम, ११०च्या पलीकडं ओढाताण.

घरातला डब्बा पत्र्याखाली कोपऱ्यात: मायनस ११३.
तोच डब्बा टॉवरकडच्या खिडकीत: मायनस १०४.
तोच डब्बा पिशवीत घालून बाहेर पाईपावर: मायनस ९९.
बाहेरचं यंत्र, त्याच पाईपावर: मायनस ९३.

ह्या मापात तीन आकडे सुधारले की सिग्नल दुप्पट होतो, दहा सुधारले की दहापट. कोपऱ्यापासून पाईपावरच्या यंत्रापर्यंत वीस सुधारले, म्हणजे शंभरपट. त्यातले चौदा, म्हणजे पंचवीसपट, निव्वळ जागा बदलल्यानं मिळाले. चांगल्या यंत्राचे सहा, म्हणजे चौपट. पैसे यंत्राला लागतात. जागा फुकट आहे. पत्रा हा सिग्नलला जवळपास भिंतच, आत येतं ते दार-खिडकीतून.

दुसरा आकडा एसआयएनआर. पहिला आकडा पाणी किती ते सांगतो, हा पाणी किती निवळ ते सांगतो. २० म्हणजे स्वच्छ, शून्याखाली गेला की गढूळ. घरातला डब्बा चहूकडचे टॉवर ऐकतो, म्हणून गोंधळ. बाहेरच्या यंत्राचं तोंड एकाच टॉवरकडं, म्हणून तिथं हा आकडा १ वरून १४ वर गेला. नेट कोपऱ्यात दोन-तीन एमबीपीएस होतं, ते पाईपावर अठ्ठावीसपर्यंत गेलं. खोक्यावरचे १५० कुठंच नाहीत. तो आकडा ‘कॅटेगरी ४’च्या यंत्राची कमाल मर्यादा आहे. ट्रॅक्टरच्या मीटरवर आकडे किती आहेत त्यावरून नांगरणी किती होईल हे ठरत नाही, तसंच हे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हा प्रश्न आपल्या एकट्याच्या डब्ब्याचा नाही. टॉवरचा वेळ सगळ्या गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. सिग्नल चांगला असेल तर एलटीई एका ठेक्यात सहा बिट पाठवतं, खराब असेल तर दोनच. म्हणजे तोच फोटो पाठवायला कोपऱ्यातला डब्बा टॉवरचा निदान तिप्पट वेळ खातो. चुकलं की परत पाठवतो, ते वेगळंच. कॅनॉलच्या टेलला कच्चा पाट असलेला माणूस जसा स्वतः उपाशी राहतो आणि वरून सगळ्यांची पाळी लांबवतो, तसं. गावात पन्नास डब्बे कोपऱ्यात बसले की टॉवर भरतो आणि आपण म्हणतो कंपनी चोर आहे. अतिवृष्टीच्या दिवशी सगळ्यांना एकाच वेळी फोटो पाठवायचे असतात. त्या दिवशी शेजाऱ्याचे तास आपल्या डब्ब्यावर अवलंबून असतात.

कंपन्यांना हे माहीत नाही असं नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये एअरटेलनं दिल्ली-मुंबईत एअरफायबर आणलं ते घरात ठेवायच्या यंत्रानं. १९ सप्टेंबरला जिओनं पुण्या-मुंबईसह आठ शहरांत आणलं ते छतावरच्या यंत्रानं. जुनाच वाद नव्या नावानं. हे फाईव्ह-जीचं झालं. आपल्याकडं अजून बराच काळ फोर-जीवरच भागवायचं आहे. बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर-जी २७ सप्टेंबर २०२५ला देशाला अर्पण झालं. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ला मंजूर झाली, पण फायबर पंचायतीत येतं, आखाड्यावर येत नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हवेतूनच जायचे आहेत.

म्हणून घेण्याआधी एवढं बघा:

१) आधी जागा मोजा, मग यंत्र घ्या. मोबाईलवरही हे आकडे दाखवणारी ॲप फुकट मिळतात. खोलीत, खिडकीत, छतावर मोजा. खिडकीत शंभरच्या अलीकडं असेल तर साधा डब्बा पुरे, पैसे घालवू नका.
२) तुमच्या टॉवरवर कोणता बँड आहे तो यंत्रात आहे का विचारा. ८५० आणि २३०० यांचा पल्ला एक नाही. यंत्र एकाच कंपनीच्या सिमला बांधलेलं आहे का तेही विचारा.
३) झाडाच्या पानातून टॉवर बघू नका. मे महिन्यात बसवलेलं यंत्र श्रावणात पालवी दाटली की मंदावतं. पावसाच्या धारेनं फोर-जी फारसं अडत नाही. लाईट जाते आणि बॅटरी उतरते म्हणून अडतं. त्यामुळं छोटा डीसी यूपीएस घ्याच.
४) पाईपाला अर्थिंग करा. आपल्याकडं रोहिणी-मृगात वीज कशी पडते हे सांगायला नको. केबल पाईपातून घ्या, वानरं सोडत नाहीत.
५) ‘बूस्टर’ म्हणून विकतात ते घेऊ नका. बिनपरवाना बूस्टर लावणं गुन्हा आहे, आणि त्याच्या गोंगाटानं सगळ्या गावाची रेंज बिघडते.
६) बिघडल्यावर कोण येणार, त्याचा नंबर आधी घ्या. ‘मार’चा धडा विसरू नका.

मी भाच्याचं यंत्र परत दिलं आणि अजून नवं घेतलं नाही. जुनाच डब्बा प्लास्टिकच्या जुन्या डबकीत घालून टॉवरकडच्या भिंतीवर, वळचणीखाली बाहेर बसवलाय. डबकीला खालून हवेला भोकं पाडलीत, आणि उन्हाळ्यात दुपारी तो बंद ठेवतो. गेल्या खरिपात ई-पीक पाहणी आखाड्याच्या ओट्यावर बसून केली. पुलावर जावं लागलं नाही.