क्रूझवरचे घड्याळ : जहाजाची वेळ, बंदराची वेळ आणि सकाळचा गजर



हल्ली आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे सुट्टीत क्रूझला जातात. भारतातून आई-बाबा आले असतील तर हमखास, कारण चालणे कमी, खाणे भरपूर आणि सामान एकदाच उघडायचे. निघण्यापूर्वी व्हिसा, शाकाहारी जेवण, बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या या सगळ्याची चौकशी होते. घड्याळाची मात्र कोणी करत नाही. फोन वेळ दाखवतोच, मग त्यात काय विचारायचे? पण बोटीवर नेमका हाच फोन दगा देऊ शकतो. एका तासाचा फरक पडला की नाश्ता, सहल आणि क्वचित बोटसुद्धा चुकते. म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

जहाजाची वेळ कोण ठरवते?

जहाजावर कोणती वेळ चालेल हे कॅप्टन ठरवतो. जेवण, कार्यक्रम, सहलींची निघण्याची वेळ आणि सर्वांनी बोटीवर परत येण्याची शेवटची वेळ, म्हणजे 'ऑल अबोर्ड', हे सगळे त्या वेळेनुसार चालते. काही जहाजे प्रत्येक बंदराप्रमाणे घड्याळ बदलतात, काही पूर्ण सफरभर निघाल्या बंदराचीच वेळ ठेवतात. एकाच कंपनीच्या दोन सफरींतही यात फरक असू शकतो, त्यामुळे 'मागच्या वेळी असे होते' हा अनुभव फारसा कामाचा नाही. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ही सूचना असते. हल्ली अनेक जहाजांवर छापील पत्रिका आपोआप मिळत नाही, पण गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर मागितली तर बहुधा देतात. आई-बाबांसाठी ती जरूर मागून घ्या.

एकाच ठिकाणी दोन वेळा हा प्रकार आपल्याला तसा नवा नाही. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईत पुढे अनेक दशके जुना 'बॉम्बे टाइम' चालू होता, आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे. त्या काळी मुंबईकर वेळ सांगताना कोणती वेळ हेही विचारून घेत. बोटीवर तेवढीच सवय लावायची आहे.

धोका कोणत्या बाजूला आहे?

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. बंदराची वेळ जहाजाच्या पुढे असेल, तर फोनवर विसंबलेला माणूस तासभर लवकर परत येतो. थोडी चिडचिड होते, बाकी काही नाही. बंदराची वेळ जहाजाच्या मागे असेल, तर तोच माणूस तासभर उशिरा येतो आणि बोट गेलेली असते.

उदाहरण मायामीहून उन्हाळ्यात निघणाऱ्या बोटीचे घेऊ. मेक्सिकोतले कोझुमेल ज्या राज्यात आहे, त्या किंताना रोने २०१५ सालापासून वर्षभर एकच वेळ ठेवली आहे, ग्रीनिचच्या पाच तास मागे. तिथे डेलाइट सेव्हिंग नाही. मायामी उन्हाळ्यात ग्रीनिचच्या चार तास मागे असते. जहाजाने मायामीचीच वेळ ठेवली आणि ऑल अबोर्ड साडेचारला असेल, तर त्या क्षणी बंदरावरच्या घड्याळात आणि तुमच्या फोनवर साडेतीनच वाजलेले असतात. 'अजून तास आहे' म्हणून कोणी चांदीच्या दुकानात शिरले की संपले! कोझुमेलहून फेरीने पलीकडे प्लाया देल कार्मेनला आणि तिथून टुलुमचे अवशेष बघायला स्वतःच्या जबाबदारीवर जाणाऱ्यांनी तर फारच जपावे. फेरीचे वेळापत्रक स्थानिक वेळेचे असते, बोटीचे जहाजाच्या वेळेचे, आणि मध्ये पाऊण तासाचा समुद्र.

जमैका आणि ग्रँड केमनचा हिशेबही कोझुमेलसारखाच, उन्हाळ्यात मायामीच्या एक तास मागे आणि हिवाळ्यात बरोबरीने. बेलीझ आणि होंडुरासमधले रोआतान मात्र उन्हाळ्यात दोन तास मागे असतात आणि हिवाळ्यात एक. बेलीझला मोठी बोट किनाऱ्यापासून बरीच दूर नांगर टाकते आणि लहान टेंडर बोटींनी ये-जा करावी लागते. तिथे शेवटच्या टेंडरची वेळ तीच तुमची खरी वेळ. पूर्वेकडची सॅन वान, सेंट थॉमस, सेंट मार्टिन ही बंदरे उन्हाळ्यात मायामीच्या बरोबर आणि हिवाळ्यात एक तास पुढे असतात, म्हणजे निर्धोक बाजूला. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून निघणाऱ्यांचे कोझुमेलचे गणित वेगळे आहे. त्यांच्यासाठी ते उन्हाळ्यात बरोबर आणि हिवाळ्यात एक तास पुढे.

सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हरहून अलास्काला गेलात तर जूनो, केचिकन, स्कॅगवे इथे घड्याळ एक तास मागे असते. आखातातल्या आपल्या मंडळींसाठी सांगायचे तर दुबई, अबुधाबी आणि मस्कत एका वेळेवर चालतात, दोहा आणि बहारीन त्यांच्या एक तास मागे. दुबईची वेळ ठेवून बोट दोह्याला लागली तर कोझुमेलचाच प्रसंग.

बोट चुकलीच तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आपल्याच डोक्यावर येतो. कंपनीमार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर एरवी बोट थांबते किंवा कंपनी तुम्हाला पुढे पोचवते. स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला ही सवलत नाही. अमेरिकन नागरिकांना अमेरिकेतल्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या अनेक क्रूझवर जन्मदाखला आणि फोटोचे सरकारी ओळखपत्र यांवर जाता येते, पण बोट चुकून विमानाने परतायचे झाले तर पासपोर्टच लागतो. भारतीय पासपोर्टवर असलेल्या आई-बाबांना त्या देशाच्या व्हिसाचा प्रश्नही येऊ शकतो. एका तासाची किंमत अशी वाढत जाते.

फोनचे काय करायचे?

बंदरात फोन तिथल्या टॉवरकडून वेळ घेतो. भर समुद्रात जहाजाचे स्वतःचे उपग्रहावरचे मोबाइल नेटवर्क असते. ते कुठली तरी भलतीच वेळ देऊ शकते, शिवाय रोमिंगचे बिलही जबर येते. म्हणून बोट सुटताना फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. एवढ्याने मात्र काम पूर्ण होत नाही, कारण वाय-फाय चालू केले की काही फोन पुन्हा वेळ बदलून घेतात. सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळेच्या पानावर जाऊन 'आपोआप' हा पर्याय बंद करा आणि जहाजाच्या वेळेशी जुळणारे शहर निवडा. काटे हाताने पुढे-मागे करण्यापेक्षा शहर बदलणे चांगले. आकडेच बदलले तर बँकेसाठी वापरायचे सांकेतिक क्रमांक तयार करणारे ऑथेंटिकेटर अ‍ॅप चुकीचे क्रमांक देऊ लागते.

कॅलेंडरमध्ये घरी बसून भरलेल्या सहलीच्या वेळाही टाइम झोन बदलताच सरकतात. आठची सहल सातची दिसू लागते. त्या कागदावर लिहून ठेवा. स्मार्ट वॉच फोनच्याच मागे जाते, तेव्हा तो दुसरा साक्षीदार धरू नका.

आमच्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे साधे, बॅटरीवरचे मनगटी घड्याळ. पहिल्या दिवशी जहाजाच्या वेळेला लावायचे आणि जहाजाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. बाबांचे जुने एचएमटी असेल तर तेही चालेल, फक्त चावीचे असल्यास रोज चावी द्यायला विसरू नका. बोटीतून उतरण्यापूर्वी दाराशी लिहिलेली परतण्याची वेळ वाचा आणि तिथेच घड्याळ जुळवा.

सकाळी उठायचे कसे?

खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त पडते, पण तिथे पहाटेचे पाच आणि सकाळचे दहा सारखेच. दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. अनेक बोटींवर टीव्हीच्या एका वाहिनीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसते. आवाज बंद करून ती वाहिनी रात्रभर चालू ठेवली तर उजाडलेले कळते. खिडकीचे पैसे वाचतात म्हणा ना!

केबिनमधल्या फोनवरून उठवण्याचा कॉल लावता येतो. तो जहाजाच्या वेळेनेच वाजतो, म्हणून फोनच्या गजरापेक्षा जास्त भरवशाचा. दाराला अडकवायच्या नाश्त्याच्या कार्डावर वेळेची खूण करून ठेवली तर चहा घेऊन येणारा माणूस हा तिसरा गजर! ही सोय असेल तिथे जरूर वापरा.

घरचे घड्याळ नेण्याच्या भानगडीत पडू नका. अमेरिकेत मिळणारी रेडिओ संदेशावर जुळणारी घड्याळे कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या केंद्राकडून वेळ घेतात, आणि पोलादी भिंतींच्या केबिनमध्ये तो संदेश पोचणे कठीण. विजेवर चालणारी काही जुनी घड्याळे विजेच्या आवर्तनांवर वेळ मोजतात. ५० हर्ट्झसाठी बनवलेले, म्हणजे भारतातले किंवा इंग्लंडमधले असे घड्याळ ६० हर्ट्झच्या विजेवर तासाला १२ मिनिटे पुढे पळेल.

घड्याळ बदलण्याच्या रात्री कार्यक्रमपत्रिकेत सूचना येते, काही ठिकाणी उशीवर चिठ्ठीही ठेवतात. झोपण्यापूर्वीच बदल करून टाका. सदम्प्टन ते न्यूयॉर्क या सात रात्रींच्या प्रवासात पाच तासांचा फरक थोडा थोडा करून भरून काढतात. पश्चिमेकडे जाताना २५ तासांचे दिवस मिळतात, परतताना तेच तास हातातून जातात.

वडीलधाऱ्यांसाठी थोडेसे. रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या रोजच्या गोळीला एका तासाने सहसा काही बिघडत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. संकष्टी असेल तर कॅलेंडरमधली मुंबईची चंद्रोदयाची वेळ इथे लागू नाही आणि आपल्या गावची काढलेली वेळही जुळणार नाही. डेकवर जाऊन पूर्वेकडे पाहायचे, समुद्रावर आडवे यायला एक इमारत नसते.

शेवटच्या सकाळी उतरण्याची घाई असते आणि मोठे सामान आदल्या रात्रीच बाहेर ठेवायचे असते. अलास्काहून परतताना शेवटच्या एक-दोन रात्रींत एक तास गमावलेला असतो, म्हणजे सहाचा गजर शरीराला पाचचा वाटणार. त्या रात्री उठवण्याचा कॉल लावा, आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला, गोळ्या व पासपोर्ट बाजूला काढल्याशिवाय बॅगा दाराबाहेर ठेवू नका.