वेळासची कासवे आणि बाणकोटचा बुरूज

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे धावतात. पूर्वी येथील अंडी चोरीला जात. २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्था आणि ग्रामस्थ यांनी ती जपली. मात्र पिले पाहून परतणारे बहुतेक पर्यटक जवळच्या बाणकोट किल्ल्याकडे फिरकत नाहीत.

सावित्रीच्या मुखावर पहारा देणाऱ्या या किल्ल्यात एक कटू प्रकरण दडले आहे. तुळाजी आंग्र्यांचा बीमोड करण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग जिंकला. पाठोपाठ बाणकोटही पडला. १७५६ च्या तहाने तो कंपनीकडेच राहिला आणि ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कोकणच्या मुख्य भूमीवर इंग्रजांना पाय रोवायला जागा मिळाली, तीही मराठ्यांच्याच हातून!

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. १७५५ मध्ये नाना अवघे तेरा वर्षांचे होते. पुढे वडगावला इंग्रजांना नमवणाऱ्या कारभाऱ्यांपैकी ते एक. तरीही त्यांच्या पूर्वजांच्या गावाशेजारी इंग्रजांचे निशाण त्यांच्या मृत्यूपर्यंत फडकतच राहिले.