पनवेलचे चाककाम आणि सुताराचा रंधा : एक ऐतिहासिक विचार

पनवेलच्या इतिहासलेखनात बंदर, तांदळाचा व्यापार आणि १८५२ साली स्थापन झालेली नगरपालिका यांचा उल्लेख हमखास येतो. सुतारांचा मात्र क्वचितच. वास्तविक पाहता, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरने गाडीची चाके बनविणे हा येथील प्रमुख उद्योग म्हणून नोंदविला आहे. देशावरून आलेला गाडीवान ऐपत असल्यास चाकांची जोडी घेऊनच परतत असे. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांना खुला झाला, त्याच्याशी या उद्योगाचा संबंध जोडणे सयुक्तिक ठरते.

या नोंदीत चाके आहेत, हत्यारे नाहीत. लाकूड घडविण्याचे ढोबळ काम वाकसाचे, तर सपाट पृष्ठभागावर अखेरचा हात रंध्याचा. 'करवत' हा शब्द संस्कृत 'करपत्र' यावरून आला. 'रंधा' हे फारसी 'रंदा'चे रूप होय. शब्द परका म्हणून हत्यारही परकेच, असे अनुमान अर्थातच घाईचे होईल.

लाकडी ठोकळा, त्यात तिरके बसविलेले पाते आणि ते आवळणारी पाचर, एवढीच रंध्याची रचना. पात्याच्या माथ्यावर हातोडीचा हलका ठोका दिला की पाते खाली सरकते. ठोकळ्यावर दिला की सैल होऊन मागे येते. ठोकळा उलटा धरून, तळाच्या रेषेत डोळा लावून सुतार केसभर बाहेर आलेली धार पारखतो.

जपानी 'कान्ना'ची जुळणीही हातोडीच्याच ठोक्यांनी होते. मऊ लोखंडावर कठीण पोलादाचा पातळ थर जोडलेले त्याचे जाड पाते स्वतःच पाचरीसारखे निमुळते असते व ठोकळ्याच्या खाचांत घट्ट बसते. तळही पूर्ण सपाट नसतो. धारेलगतची व कडेची जागा तेवढी लाकडाला टेकते, उरलेली किंचित खरवडलेली असते. जपानी सुतार कान्ना स्वतःकडे ओढतो, भारतीय सुतार रंधा पुढे ढकलतो. हा भेद नेहमी ठळकपणे सांगितला जातो. परंतु आपल्याकडेही जड कामात समोरचा साथीदार दोरीने रंधा ओढतो, हे विसरले जाते. खरा भेद दिशेचा नसून जुळणीचा होय. अमेरिकेत स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये बेली यांच्या लोखंडी रंध्यांचे उत्पादन हाती घेतले, आणि ठोक्याची जागा स्क्रूने घेतली. हाताला व कानाला असलेले ज्ञान तेथे यंत्ररचनेत गेले.

नवीन पनवेललगतच्या विचुंबे परिसरात आज इमारती उभ्या राहत आहेत. तेथील प्लायवूड व सनमायकाच्या कामाला रंधा फारसा लागत नाही. लागलाच तर विजेवरचा. बाभळीच्या कठीण लाकडाला पाते किती बाहेर काढावे आणि सागाला किती, याची नोंद गॅझेटियरमध्ये नाही. ज्यांना ते विचारता येईल, असे सुतार आता वयोवृद्ध झाले असणार.