यानमारची कुळकथा
ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली सिद्ध केलेले इंजिन माणसाच्या उंचीहून कितीतरी उंच होते. आणि पुढील तीस-पस्तीस वर्षे हे यंत्र मुख्यतः वीजघरे, कारखाने आणि मोठी जहाजे यांची मिरास मानले जात होते. ती मिरासदारी मोडून गरिबाच्या होडीत डिझेल उतरवणाऱ्यांत यामाओका मागोकिची यांचे स्थान मला अग्रगण्य वाटते.

१८८८ साली जपानच्या शिगा प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या गृहस्थाने १९१२ मध्ये ओसाका येथे आपला कारखाना काढला; तोच पुढे यानमार झाला. प्रथम गॅसची इंजिने, मग शेतीसाठी रॉकेलवर चालणारी, असा क्रम लावला. आणि १९३२ साली जर्मनीच्या दौऱ्यात लाइपझिगच्या प्रदर्शनात डिझेलचा काटकसरी कारभार पाहिल्यावर, हेच यंत्र शेतकऱ्याला पेलेल एवढे लहान करण्याचा ध्यास घेतला. जे इंजिन लहान करणे अव्यवहार्य म्हणून तज्ज्ञांनी सोडून दिले होते, ते १९३३ च्या अखेरीस पाच-सहा अश्वशक्तीच्या आटोपशीर आकारात प्रत्यक्ष चालू लागले. यामाओकांची कृतज्ञताही त्यांच्या उद्योगाइतकीच दृढ होती: १९५७ साली त्यांनी डिझेल यांच्या स्मरणार्थ ऑग्सबर्गला जपानी धाटणीचे पाषाण-उद्यान अर्पण केले.

समुद्रावर या यंत्राचे मोल विशेष. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे होडीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने अनर्थ घडवते. डिझेलची वाफ सहजासहजी पेट घेत नाही आणि त्याच्या इंजिनाला ठिणगीचीही गरज नाही. मच्छीमाराला हवे होते ते एवढेच, आणि ते त्याला मिळाले.

पुढे हीच इंजिने सफरीच्या शिडाच्या नौकांत गेली, आणि तेथे विजेची एक नवी गरज उपस्थित झाली. सिलिकॉन डायोडांनी प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारा अल्टरनेटर १९६० नंतर जुन्या डायनामोच्या जागी रूढ झाला. परंतु नौकेच्या इंजिनावर त्याची तजवीज होती ती मुख्यतः चालू करण्यासाठी खर्चलेली वीज बॅटरीत परत भरण्यापुरती. यानमारच्या जीएम मालिकेतील इंजिनांवर हिताचीचा ५५ अँपिअरचा अल्टरनेटर असे, आणि त्या कामाला तो पुरेसा होता. मात्र शीतपेटी, रेडिओ, दिवे आणि पंप यांचा भार एका मोठ्या बॅटरीसंचावर पडू लागला, तेव्हा अल्टरनेटरच्या आत बसवलेला रेग्युलेटर प्रवाह लवकर आखडता घेई, अल्टरनेटर आणि बॅटऱ्या यांच्या मधल्या विभाजक डायोडांत व्होल्टेजची घट होई, आणि बॅटरी कधीच पुरती भरत नसे. म्हणून मोठा बदली अल्टरनेटर आणि बाहेरचा रेग्युलेटर बसवण्याचा परिपाठ पडला.

या परिपाठात उतावळेपणा फार दिसतो. शंभर अँपिअरचा अल्टरनेटर पूर्ण भाराने सुमारे तीन अश्वशक्ती घेतो, म्हणजे नऊ अश्वशक्तीच्या एक-सिलिंडरी इंजिनाचा तिसरा हिस्सा. अरुंद पट्टा त्याखाली घसरतो, काळी भुकटी सांडतो आणि पाण्याच्या पंपाच्या धारव्यावरही ताण आणतो. तेव्हा ज्यांना हा बदल करावयाचा असेल त्यांनी पट्टा, तारेची जाडी व इंजिनाची शक्ती यांचा हिशेब आधी मांडावा, आणि इंजिन चालू असता बॅटरीची जोडणी कदापि तोडू नये. तसे केल्यास अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात.