स्टिअरिंगची गुप्त भाषा

लिनक्स कर्नलच्या कागदपत्रांत एक छोटी फाइल आहे. तारीख २२ एप्रिल २००१, लेखक जोहान दनो, विषय फोर्स फीडबॅक. असल्या फायली वाचताना सहसा डुलकी लागते. पण हिच्यात एक इशारा आहे: काही उपकरणं चालू होतानाच जोरजोरात थरथरतात, लेखकाची स्वतःची जॉयस्टिकही त्यातलीच. तेव्हा एक हात तिच्यावर ठेवून बसा, नाहीतर मोडायची.

फोर्स फीडबॅक म्हणजे काय, तर गेमच्या स्टिअरिंगमध्ये मोटर असते आणि ती तुमच्या हाताशी झटापट करते. वळणावर टायरची पकड सुटायला लागली की स्टिअरिंग हलकं पडतं. गाडी घसरणार हे डोळ्यांच्या आधी हाताला कळतं. मोटर गप्प असेल तर ते स्टिअरिंग म्हणजे माझ्या मते एक महागडा गोल कीबोर्ड.

लिनक्सवर अर्धं काम सोपं होतं. स्टिअरिंग किती फिरलं, पेडल किती दाबलं हे वाचायला यूएसबीचे ठरलेले नियम होते. अडचण उलट्या दिशेला होती. मोटरला हुकूम द्यायची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी, आणि बहुतेकांनी ती सांगितलीच नाही. विंडोजवाल्यांना खोक्यात ड्रायव्हरची सीडी मिळायची. लिनक्सवाल्यांनी मग विंडोजवर स्टिअरिंग चालवून वायरीतून जाणारे बाइट टिपले. कोणत्या बाइटने मोटर डावीकडे ओढते, कोणत्याने सैल पडते, हे ताडून बघत बसले.

लॉजिटेकच्या स्टिअरिंगचा ‘एलजी४एफएफ’ हा ड्रायव्हर २०१०चा. त्यातली एक गंमत बघा. जी२५, जी२७ ही मॉडेलं संगणकाला जोडली की आधी एखाद्या जुन्या, कमी फिरणाऱ्या मॉडेलचं सोंग घेतात. ठरावीक आज्ञा गेल्यावरच ती खऱ्या रूपात येतात आणि पूर्ण ९०० अंश फिरतात. ही आज्ञा माहीत नसेल, तर पैसे एका स्टिअरिंगचे दिले आणि घरी आलं दुसरंच.

खरं तर सामायिक भाषा केव्हाच लिहून झाली होती. मोटर असलेल्या यूएसबी उपकरणांसाठी ‘पीआयडी’ नावाचं प्रमाण १९९९मध्येच प्रसिद्ध झालं. आन्सी हान्नुलाने लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हरही लिहिला. पण ती भाषा बोलणारी स्टिअरिंगं फारच थोडी होती. बड्या कंपन्या आपापली बोली सोडेनात. लिनक्सच्या चिकाटीच्या गोष्टी कौतुकाने सांगितल्या जातात, मीही सांगतो. पण यात कितीजणांच्या किती रात्री फुकट गेल्या, तेही बोलायला हवं. दोन पानी माहितीपत्रकाने भागलं असतं.

मग बदल आला तो नव्या कंपन्यांमुळे. मोझासारख्यांची स्टिअरिंगं, ज्यांत चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसतं, ती ‘पीआयडी’ बोलतात. बोलतात, पण बोबडं. कुणी प्रमाणातली एखादी नोंद गाळतं, कुणाला तरंगांपैकी फक्त साइन कळतो. हे सगळं सांभाळून घेणारा ड्रायव्हर मे २०२५मध्ये आलेल्या लिनक्स ६.१५पासून कर्नलमध्येच आहे.

माझ्याकडे सेकंडहँड जी२७ आहे. त्याची सीडी मी कधी पाहिलेली नाही, लिनक्सला ती लागतही नाही. तुमच्याकडे असं काही जुनं पडलं असेल, तर ‘एफएफटेस्ट’ हा चिमुकला प्रोग्राम चालवून बघा. १ दाबलं की सलग जोर: स्टिअरिंग एका बाजूला ओढलं जातं. २ म्हणजे स्प्रिंग, ३ म्हणजे डॅम्पर. कर्नलमधल्या मूळ ड्रायव्हरवर माझं जी२७ या दोन्हींना गप्पच राहतं. ते हवे असतील तर कर्नलबाहेरचा ‘न्यू-एलजी४एफएफ’ वेगळा बसवावा लागतो. आणि हो, एक हात स्टिअरिंगवर असू द्या.