इब्न हजर अल-अस्कलानी

इब्न हजर अल-अस्कलानी (जन्म : फेब्रुवारी १३७२, कैरो, मृत्यू : फेब्रुवारी १४४९, कैरो) हे ममलूक राजवटीतील इजिप्तचे हदीस-पंडित, इतिहासकार आणि शाफिई विधिपरंपरेचे न्यायाधीश होते. 'सहीह अल-बुखारी' या हदीससंग्रहावरील त्यांचे 'फतह अल-बारी' हे भाष्य सुन्नी परंपरेत अत्यंत प्रमाणभूत मानले जाते. त्यांच्या पूर्वजांच्या पॅलेस्टाइनमधील अस्कलान या नगरावरून त्यांना 'अस्कलानी' म्हणतात.

जीवन

लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे झकीउद्दीन अल-खर्रूबी या व्यापाऱ्याने त्यांचा सांभाळ केला. नवव्या वर्षी त्यांचे कुराण मुखोद्गत झाले. बाराव्या वर्षी मक्केत त्यांनी रमजानमधील तरावीहच्या नमाजाचे नेतृत्व केले. पुढे कैरोत झैनुद्दीन अल-इराकी यांच्याकडे सुमारे दहा वर्षे त्यांनी हदीसचे अध्ययन केले. त्यासाठी सीरिया, हिजाझ आणि येमेन येथेही प्रवास केला. त्यांच्या पत्नी उन्स खातून याही हदीसच्या जाणकार होत्या व अध्यापन करीत. १४२३ मध्ये इब्न हजर इजिप्तचे शाफिई मुख्य न्यायाधीश झाले. पुढील काळात हे पद अनेकदा त्यांच्या हातून गेले आणि पुन्हा मिळाले.

हदीसविषयक कार्य

हदीस म्हणजे प्रेषित मुहंमद यांची वचने व आचरण यांविषयीची परंपरागत कथने. प्रत्येक कथनास ते कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी जोडलेली असते; तिला 'सनद' म्हणतात. साखळीतील एखादी व्यक्ती अविश्वसनीय ठरली, तर कथनाचे प्रामाण्य डळमळते. म्हणून या व्यक्तींची पारख हेच इब्न हजर यांचे मुख्य कार्य ठरले. 'तकरीब अल-तहझीब' या ग्रंथात त्यांनी प्रत्येक निवेदकाविषयीचा निष्कर्ष एकदोन ओळींत देऊन निवेदकांच्या १२ श्रेणी लावल्या. 'अल-इसाबा' या प्रेषितांच्या सहकाऱ्यांच्या चरित्रकोशात चुकीने सहकारी समजल्या गेलेल्या व्यक्तींसाठी त्यांनी स्वतंत्र विभाग ठेवला. 'फतह अल-बारी'ला सुमारे २५ वर्षे लागली. १४३८ च्या अखेरीस ते पूर्ण झाल्यावर कैरोबाहेर मोठी मेजवानी देण्यात आली.

प्लेगवरील ग्रंथ

इब्न हजर यांच्या तीन मुली प्लेगच्या साथींत दगावल्या. त्यांपैकी थोरली गरोदर होती. प्लेगविषयी त्यांनी 'बझ्ल अल-माऊन' हा ग्रंथ लिहिला. प्लेग दूषित हवेमुळे होतो हे वैद्यांचे मत त्यांनी नाकारले, कारण एकाच घरातील एकास तो होतो आणि शेजारच्यास होत नाही. हदीसच्या आधारे ते जिन्नांच्या आघातास कारण मानीत. तथापि स्वतः पाहिलेले नोंदविण्यात त्यांनी कसूर केली नाही. १४३० च्या साथीत कैरोत रोज ४० पेक्षा कमी मृत्यू होत होते. लोक सामुदायिक प्रार्थनेसाठी वाळवंटात जमून परतल्यावर महिनाभराच्या आत ही संख्या रोज १००० वर गेली, असे त्यांनी लिहिले. अशा मेळाव्यांना धर्मपरंपरेत आधार नाही, असेही त्यांनी दाखवून दिले.

प्रभाव

समकालीन हनफी न्यायाधीश बद्रुद्दीन अल-ऐनी यांचे 'उम्दत अल-कारी' हे भाष्य 'फतह अल-बारी'चे प्रतिस्पर्धी मानले जाते. शिष्य अल-सखावी यांनी इब्न हजर यांचे विस्तृत चरित्र लिहिले. हदीस-परीक्षणाचे नियम सांगणारी त्यांची 'नुख्बत अल-फिकर' ही छोटी पुस्तिका भारतातील अनेक मदरशांसह जगभर आजही अभ्यासली जाते.