‘सुमार’ : मोजणीकडून अंदाजाकडे

भैंसा येथील बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढण्यापूर्वीच तिच्या वजनाविषयी तर्क सुरू होतात. मराठी शेतकरी ‘सुमारे’ म्हणतो, तेलुगू शेतकरी ‘सुमारु’ म्हणतो, आणि उर्दू बोलणारा व्यापारी मात्र ‘तकरीबन’ म्हणतो. ‘शुमार’ हा शब्द त्याच्याही भाषेत आहे. परंतु तिथे त्याचा अर्थ अंदाज नव्हे, तर मोजदाद. एकाच फारसी शब्दाने शेजारच्या भाषांत असे विरुद्ध अर्थ का घ्यावेत, हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

मूळ फारसी ‘शुमार’ म्हणजे गणना. मराठीनेही तो प्रथम विसरला नव्हता. जनगणनेला आपल्याकडे ‘खानेसुमारी’ म्हणत, म्हणजे घरांची मोजणी. उर्दूत तीच ‘मर्दुमशुमारी’, म्हणजे माणसांची मोजणी. ‘बेसुमार’ म्हणजे ज्याची मोजणी होऊ शकत नाही ते. ‘त्याच्या आनंदाला सुमार नाही’ असे म्हणताना मोजणीचीच मर्यादा झाली. पुढे ‘पाचाच्या सुमारास’ असे म्हणू लागल्यावर ती मर्यादा सैल झाली. पाचाच्या गणनेत जे बसते, ते थोडे अलीकडचे वा पलीकडचेही चालते. मोजणारा माणूस शेवटच्या आकड्यापाशी अडतो आणि जवळचा पूर्णांक सांगून मोकळा होतो. अशाच व्यवहारातून गणनेचा शब्द अंदाजाचा झाला असावा, असे आम्हांस वाटते.

हे तिन्ही प्रयोग एका गावी ऐकू येण्यास येथील इतिहास कारण आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्याचा कारभार उर्दूतून चाले. मुधोळ तालुका तेव्हा नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली आणि आदिलाबाद जिल्ह्यास जोडली गेली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, व २०१६ पासून भैंसा निर्मल जिल्ह्यात आहे. राज्यांच्या व जिल्ह्यांच्या सीमा अशा रेघेने आखता येतात. शब्दांच्या सीमा मात्र सुमारेच असतात.

परंतु मराठीत हा शब्द याहून खाली उतरला. ‘सुमार’ म्हणजे सामान्य, किंबहुना सामान्याहूनही थोडा कमी. उर्दूत एखाद्या कवीचा ‘शुमार’ थोरांत होतो, तेव्हा तो त्याचा गौरव असतो. मराठीत कवी ‘सुमार’ ठरला की त्याची वाट बंद झाली!

आम्ही स्वतः कित्येक वर्षे प्रगतिपत्रकांवर ‘सुमार’ असा शेरा लिहीत आलो. एकदा उर्दू घरातील एका मुलाने तो वाचून, आपली गणना नेमकी कोणांत झाली, असे आम्हांस निरागसपणे विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या मुलास काय येते व काय येत नाही, हे आम्ही मोजलेच नव्हते. मोजण्याचा कंटाळा आम्ही एका शब्दाखाली झाकला होता.

तेव्हापासून तो शेरा आम्ही सोडला. वजनाच्या, वेळेच्या व अंतराच्या बाबतीत ‘सुमारे’ हा प्रामाणिक शब्द आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र शिक्षकाने त्या शब्दाचा मूळ अर्थच पाळावा.